परतीचा रकाना

हॉटेलची गाडी स्टेशनवर आम्हाला घ्यायला आली होती. फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, तीन वाजून बारा मिनिटांची आगगाडी. गेली एकतीस वर्षं यात बदल नाही. ड्रायव्हरने आमच्या दोन बॅगा मागे ठेवल्या आणि तिसरीसाठी फलाटावर नजर टाकली. मग दार लावून घेतलं.

आई पुढे बसली. "हीटर कमी करा हो जरा," ती त्याला म्हणाली. "आम्हाला हॉटेलात न्यायचंय की भाजून वाढायचंय?"

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात आईने केलेला हा पहिला विनोद. मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर पाहत राहिले, कारण मला हसू आलं असतं की रडू, याची खात्री नव्हती.

मला इथे यायचं नव्हतं. पण आई वर्षभरात अकरा किलो उतरली होती. विंटरथुरच्या घरात ती ताटासमोर बसायची, काटा हातात धरायची आणि जेवण गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायची. तिच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, असंच चाललं तर पुढचा हिवाळा त्यांना दिसणार नाही. त्यानंतर आईने एकच गोष्ट मागितली: नेहमीच्या आठवड्यात नेहमीच्या हॉटेलात जायचं. तिला जगवण्यासाठी मी कुठेही गेले असते. इथेही आले.

हॉटेल गावाच्या वर, सूचिपर्णी झाडांच्या रांगेला लागून आहे. बेचाळीस खोल्या, उघड्यावर गरम पाण्याचा तलाव, त्यावर दिवसभर वाफ. लॉबीत शेकोटी. चार ते पाच अक्रोडाचा केक. काउंटरवर काडुफ. मी सतरा वर्षांची असल्यापासून काउंटरवर काडुफच आहेत. आधी काळ्या केसांचे होते, आता पांढऱ्या.

"सत्तावीस नंबर तयार आहे," ते म्हणाले. "झेलवेगर बाई, या वर्षी उशा मऊ ठेवल्यात."

"माझ्या नवऱ्याने तक्रार केली होती, मी नाही," आई म्हणाली. "मला दगडही चालतो."

काडुफांनी मान झुकवली. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली.

जेवणघरात प्रत्येक कुटुंबाचं टेबल ठरलेलं असतं. ते आठवडाभर बदलत नाही आणि जुन्या पाहुण्यांचं वर्षानुवर्षं बदलत नाही. नॅपकिन कापडी पाकिटात ठेवलेला असतो, पाकिटावर नाव भरतकाम केलेलं. पहिल्या संध्याकाळी आमच्या टेबलावर तीन पाकिटं होती. लादिना, आमच्या बाजूची वाढपीण, लाल झाली.

"सवयीने झालं हो. आत्ता उचलते."

"राहू दे," आई म्हणाली. "टेबल मोकळं मोकळं दिसतं नाहीतर."

लादिनाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आईने जवाच्या सूपचे तीन चमचे घेतले आणि बशी सरकवली.

"सूप असं परत गेलं, तर आमचा स्वयंपाकी कड्यावरून उडी मारेल," लादिना म्हणाली.

"मारू दे. खाली बर्फ मऊ आहे."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी ती वही उघडली.

मुख्य दाराशी एका उंच लाकडी मेजावर वाटांची वही ठेवलेली असते. फिरायला निघणाऱ्याने त्यात लिहायचं: खोली, नाव, कुठे चाललो, किती जण, निघण्याची वेळ. शेवटचा रकाना परतीचा. परत आलं की तिथे वेळ टाकून सही करायची. संध्याकाळी सहा वाजता काडुफ ती वही काउंटरवर नेतात आणि शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवतात. कुठे कोरं दिसलं तर आधी खोलीत फोन, मग बचावपथकाला. आणि एक नियम लहानपणापासून आमच्या अंगात मुरलेला: परतीचा रकाना ज्याचा त्यानेच भरायचा. नवऱ्याने बायकोचा नाही, आईने मुलाचा नाही. ओले हातमोजे दातात धरून आपापल्या सहीसाठी रांगेत थांबलेली मुलं मी कितीदा पाहिली आहेत. मीही त्यातली एक होते.

वही जाड आहे, दोन-तीन वर्षं पुरते. मी मागची पानं उलटली. गेल्या वर्षीचा चौदा फेब्रुवारी. बाबांचं अक्षर मला दुरूनच ओळखू आलं. ते बोगद्यांचे अभियंता होते आणि साधी यादीसुद्धा नकाशावर लिहिल्यासारखी लिहायचे.

२७. झेलवेगर, को. श्टाफेल. १. १३:५०.

को. हे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, १ म्हणजे एकटेच. पुढे कोरं.

श्टाफेल म्हणजे वरचं कुरण. झाडांमधून जाणारी वाट, पाऊण तासाची, वर एक बाक. ते त्या बाकावरच सापडले, रात्र पडल्यावर. हृदय थांबलं होतं. त्या ओळीच्या वर-खाली सगळ्या ओळी पुऱ्या होत्या. एवढीच उघडी.

मी जमीन-नोंदणीच्या कचेरीत काम करते. तेवीस वर्षं मी लोकांच्या नोंदी पुऱ्या करते आहे. अर्धवट ओळ मला बघवत नाही. ती कोणाचीही असो. दोरीला बांधलेलं पेन उचलून मी त्या कोऱ्या चौकोनात लिहिलं: १६:४०. ते नेहमी त्याच वेळेला परत यायचे, केक संपण्याआधी. आणि खाली त्यांची सही केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी ती पूर्वी दोनदा केली होती. हात विसरला नव्हता.

मला हलकं वाटलं. मी वर पाहिलं, तर काडुफ काउंटरमागून माझ्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

सोमवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही शेकोटीजवळ बसलो होतो. मी वाचत होते. आई दाराकडे तोंड करून बसली होती आणि अचानक तिने केकचा तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. पूर्ण बशी संपवली आणि बोटाने चुरा टिपून खाल्ला.

मला इतका आनंद झाला की मी दाराकडे बघितलंच नाही.

वर जाताना माझं लक्ष काठ्यांच्या स्टँडकडे गेलं. जुने पाहुणे आपल्या काठ्या हॉटेलातच ठेवतात, नावाची चिठ्ठी बांधून. बाबांची काठी वर्षभर तिथेच होती. ती या खेपेला घरी न्यायची असं मी ठरवलं होतं. तिच्या टोकाला बर्फ होता. ताजा, दाणेदार, वितळू लागलेला. खाली फरशीवर वाटीएवढं पाणी.

कोणीतरी चुकून नेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तपकिरी काठ्या सगळ्या सारख्याच दिसतात.

मंगळवारी आईने सूप संपवलं, मासा संपवला आणि माझ्या बशीतला बटाटा उचलला. जेवताना ती डावीकडे किंचित वळून बसली होती. बाबांचा डावा कान बोगद्याच्या कामात गेला होता. ती आयुष्यभर त्यांच्या उजव्या बाजूने बोलली.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"तुझ्याशी नाही."

लादिना बशा उचलायला आली. तिसरं पाकीट तिने उचललं आणि थबकली. नॅपकिन आत नव्हता. तो टेबलावर होता, त्रिकोणात दुमडलेला, कडेला जवाच्या सूपचा डाग. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने तो नॅपकिन दोन बोटांनी धुण्याच्या टोपलीत टाकला आणि नवा आणून पाकिटात सारला.

"उद्या तिसरं पाकीट लावू नका," मी हळूच म्हणाले.

"मी लावतच नाहीये, बाई," ती म्हणाली. "रविवारपासून."

बुधवारी दुपारी मी बाबांची काठी आमच्या खोलीत नेली. कपाटात उभी केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग पलंगावर बसून घड्याळ बघत राहिले. आई खाली गरम तलावात होती. खिडकीतून तिची लाल टोपी वाफेत दिसत होती. चार वाजून पस्तीस. चार वाजून अडतीस. खोलीत रेडिएटरचा बारीक आवाज. कोणी आलं नाही. दार हललं नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी कपाटाच्या दाराखालून पाण्याची रेघ आली. ती गालिच्यापर्यंत पोचली आणि तिथे गडद होत गेली. पाण्याला झाडाच्या सालीचा वास होता.

मी कपाट उघडलं नाही.

त्या संध्याकाळी आई आरशासमोर केस विंचरत होती. तिच्या गालांवर रंग होता. वर्षभर मी ज्या चेहऱ्याची वाट पाहत होते, तोच चेहरा.

"रेगी, उद्या आम्ही श्टाफेलला जाणार."

"तुझं कंबरेचं हाड घेऊन? डॉक्टरांनी जिने सुद्धा—"

"तो म्हणतो, मागच्या वेळी एकटा गेला म्हणून दमला. सोबत असली की वाट कळत नाही."

"आई." मी तिच्याजवळ बसले. "बाबा वारले. आपण त्यांना विंटरथुरला पुरलं. तू मूठभर माती टाकलीस."

"मला माहीत आहे ना," ती शांतपणे म्हणाली. "मी काय वेडी आहे?" तिने कंगव्यातला केस काढून बोटाला गुंडाळला. "तो तिथून पुढे जाणार आहे. म्हणाला, चल. मी म्हटलं, बरं."

मी दाराला आतून कुलूप लावून झोपले. पण माणसाला कायम कोंडून ठेवता येत नाही. गुरुवारी जेवणानंतर तिने डोकेदुखीची गोळी मागितली. मी गावातल्या औषधाच्या दुकानात गेले, अर्ध्या तासात परत आले. खोली रिकामी होती. तिचा कोट नव्हता. कपाट उघडं होतं, त्याची किल्ली अजून माझ्या खिशात होती, आणि काठी नव्हती.

मी जिने उतरून वहीपाशी आले.

२७. झेलवेगर. श्टाफेल. २. १३:५०.

अक्षर आईचं होतं, दोनचा आकडा सोडून. तो आकडा नकाशावरचा होता, बाबांचा.

घड्याळात पावणेतीन वाजत होते. बाहेर बर्फ पडायला लागला होता, बारीक आणि सरळ.

"तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत?" मी काउंटरवर हात आपटला.

"मी मागे मालाच्या खोलीत होतो." काडुफांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "गाडी वर पाठवतो, बर्फावरची. साखळ्या लावायला वीस मिनिटं लागतील. पण बाई, गाडीने काय होणार? रविवारी तुम्ही वहीत लिहिलंत ते मी पाहिलं."

"मग थांबवलं का नाही?"

"तोवर लिहून झालं होतं. या घरातल्या जुन्या-नव्या वह्यांत अशा चार ओळी उघड्या आहेत. माझ्या आधीच्या माणसाने मला एवढंच सांगितलं होतं, की त्या तशाच ठेवायच्या. का ते त्यानेही विचारलं नव्हतं, मीही नाही."

"मी खोडते ते."

"खोडलेलं चालत नाही. वहीत फक्त नवी ओळ लिहिता येते."

मला समजलं. मी पेन उचललं. ते दोरीपुरतंच येत होतं.

मागच्या वर्षी तेवढी एकदाच मला सुट्टी मिळाली नव्हती. ते एकटे गेले तेव्हा मी विंटरथुरमध्ये होते, कचेरीत, कोणाच्या तरी कुंपणाच्या नोंदीवर. मला काही माहीत नव्हतं. यंदा होतं. चार दिवस ते परत आले होते. शेकोटीजवळ, टेबलाशी, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी एकदाही त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मी लिहिलं: २७. झेलवेगर, को. श्टाफेलच्या पुढे. १. १४:५०.

मग पळाले.

झाडांमध्ये आवाज नव्हता. नव्या बर्फात आईच्या पावलांचे ठसे स्पष्ट होते, काठीची भोकं बाजूला. ठसे एकाच माणसाचे. पण ते वाटेच्या मधून जात नव्हते. वाट रुंद असताना ती सारखी उजव्या कडेने चालली होती, पार काठावरून, जिथे कोणी चालत नाही. वाट अरुंद झाली की ठसे थांबत. दोन्ही पाय जवळ. ती तिथे उभी राहून कोणाला तरी पुढे जाऊ देत होती.

तिसऱ्या वळणावर ठसे बदलले. आता ती घाईने चालत होती. एका ठिकाणी पडली होती. हाताचा ठसा होता.

ती बाकावर होती. टोपी गेलेली, केसांवर बर्फ, ओठ निळे. काठी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"आई!"

"आत्ता होता," ती म्हणाली. "आत्ता माझा हात धरून होता. मग म्हणाला, हेडी, मला एकट्यालाच जायला हवं, तसं लिहिलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "कोणी लिहिलं, रेगी?"

मी माझा कोट तिच्या अंगावर घातला. मागून गाडीचा आवाज येत होता. श्टाफेलच्या पुढे हिवाळ्यात वाट नसते. तिथे नुसता उतार आहे आणि पलीकडे खिंड. मी तिकडे पाहिलं नाही.

साडेपाच वाजता आई लॉबीत, शेकोटीसमोर, दोन घोंगड्यांत होती. डॉक्टर येऊन गेले. बोटं वाचली, म्हणाले, हृदयही ठीक आहे, अजून अर्धा तास असता तर वेगळं. मग आईने दाराजवळच्या मेजापाशी जाऊन परतीच्या रकान्यात स्वतःची सही केली. वेळ टाकली. मग पेन माझ्याकडे धरलं.

"आता त्याचंही लिही."

"नाही."

"तुला सही येते. मला माहीत आहे, शाळेत असल्यापासून येते. मी कधी बोलले नाही." तिचा आवाज अगदी मऊ होता. "लिही ना गं. बाहेर थंडी आहे."

"मी लिहिलं तर तू परत त्यांच्यासोबत जाशील."

आईने नाही म्हटलं नाही. ती माझ्याशी कधीच खोटं बोलली नव्हती.

सहा वाजले. काडुफ आले, वही काउंटरवर नेली आणि बोट खाली फिरवत आणलं. एका ओळीवर ते थांबलं.

"फोन करावा लागेल," ते म्हणाले.

"कोणासाठी? काडुफ, तुम्हाला माहीत आहे कोण—"

"मी इतकी वर्षं रकाना बघतो, बाई. नाव बघत नाही." त्यांनी रिसीव्हर उचलला. "की तुम्ही सही करताय?"

मी हात खिशात घातले.

बचावपथकाची माणसं सव्वासहाला वर गेली. लॉबीतून त्यांचे दिवे झाडांत चढताना दिसले, मग दिसेनासे झाले. पाहुणे जेवायला आत गेले. चमच्यांचे आवाज येऊ लागले. लादिनाने आमच्यासाठी सूप बाहेर आणलं. आईने ते घेतलं नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. लॉबी इतकी शांत होती की पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. तरुण माणूस, दम लागलेला, खुशीत.

"दिसला तुमचा माणूस! खिंडीच्या उतारावरून खाली येतोय. सावकाश येतोय, पण नीट येतोय. हाक मारली तर हात वर केला त्याने. तुमचाच आहे ना? मग आम्ही दुसऱ्या बाजूने उतरतो."

काडुफांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"काय सांगू, बाई?"

मी आईकडे वळले. घोंगड्या जमिनीवर होत्या. तिने कोट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावली होती आणि हातमोजे चढवत होती. एकेक बोट, काळजीपूर्वक. चेहऱ्यावर तोच रंग.

तेव्हा मला कळलं की दोघांपैकी एकच माझ्याकडे राहणार आहे. आणि ते ठरवायला मला फोन धरून ठेवता येईल तेवढाच वेळ आहे.

"सांगा," मी म्हणाले, "आमची सगळी माणसं आत आहेत. बाहेर कोणी नाही."

काडुफांनी शब्द न शब्द तसाच सांगितला. फोन ठेवला. मग ते मुख्य दाराशी गेले. त्या दाराला वरच्या बाजूला एक लोखंडी अडसर आहे. तो बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांना दोन्ही हात लावावे लागले.

आई उभीच होती. मी तिचं मनगट धरलं. तिने सोडवून घेतलं नाही. ती फक्त दाराकडे पाहत होती आणि तिची नाडी माझ्या बोटांखाली शांत, नियमित चालली होती.

आठला पाच कमी असताना बाहेरच्या पायरीवर कोणीतरी बूट आपटून बर्फ झाडायला लागलं.

आधी उजवा. मग डावा. मग परत उजवा.

घाई नव्हती. आतली फरशी ओली होऊ नये म्हणून घरचा माणूस झाडतो, तसं.